ओचोबाचा दिवा

उधना, सुरत
१४ जून १९९४

चि. अविनाश यास अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र मार्चमधलं. त्यात सात ओळी होत्या आणि त्यांतल्या दोन हवेबद्दल. दिल्लीत उन्हाळा कडक असतो हे मला वर्तमानपत्रातही वाचायला मिळतं. तू काय करतोस ते लिही.

इथे विचारणारे आहेत. परवा भाजी घेताना सुकदेव भेटला. तुझ्या पुढे चार वर्ग होता, सातवीनंतर लूमवर गेला तो. नवागामला राहतो, सचिन वसाहतीतल्या एका खात्यात मास्टर आहे. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात, हे दिल्लीत राहून विसरला असशील म्हणून सांगते. त्यानं विचारलं, अविनाश काय करतो. मी म्हटलं, रशियन लोक बोलतात ते आपल्या साहेबांना सांगतो आणि साहेब बोलतात ते त्यांना. तो म्हणाला, "म्हंजे दोन्हीकडथीन बोलनं खास." त्याच्या अहिराणीत 'खास' म्हणजे खातो, हेही विसरला असशील.

तीन वर्षं झाली तुला कंत्राटावर. दर मार्चला एक कागद येतो आणि एक वर्ष वाढतं. दादा गेल्यावर तू माझ्याकडे आलास तेव्हा नऊ वर्षांचा होतास, तेव्हापासून मी एकच गोष्ट म्हणत आले की पायाखाली पक्की जमीन हवी. कायम कधी करणार, हे विचारायला तुला तोंड नाही का?

प्रकृती बरी आहे.

सुधा

*

नवी दिल्ली
३ जुलै १९९४

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे होतं ते लिहायची परवानगी नव्हती. अजूनही नाही. पण तू कुणाला सांगणार नाहीस आणि मला कुणाला तरी सांगायचंय.

लढाऊ विमान धावपट्टीवर उतरलं की त्याच्या शेपटीतून एक छत्री उघडते, ब्रेक पॅराशूट. ती वारा धरते म्हणून विमान थांबतं. आपली बरीच विमानं तिकडची, तेव्हा छत्र्याही तिकडच्याच. पूर्वी मागितल्या की यायच्या. तो देश फुटला आणि आता प्रत्येक पत्राबरोबर नवी अट येते. म्हणून आपल्या बाजूनं ठरवलं, छत्र्या नकोत, छत्रीचं कापड विणायची विद्याच विकत द्या. फेब्रुवारीपासून चार बैठका झाल्या. मी मधे बसतो. आपले साहेब 'मूर्खपणा' म्हणतात, तो मी 'आश्चर्य' करून पलीकडे देतो. ते 'कधीच नाही' म्हणतात, ते 'विचार करावा लागेल' होऊन अलीकडे येतं. चार महिने खुर्च्या तापल्या, दुसरं काही झालं नाही.

गेल्या आठवड्यात मात्र गाडं हललं. मसुद्याच्या चौथ्या कलमात त्यांनी लिहून दिलं की कापडाचा पाया तयार करण्याचं संपूर्ण तंत्रज्ञान ते आपल्याला देतील. 'पाया' हा शब्द माझा. रशियनवरून इंग्रजीत मी 'बेस' केलं, आणि टेबलाच्या आपल्या बाजूला सगळ्यांचे चेहरे उजळले. साहेब म्हणाले, पाया मिळाला की वरची इमारत आपण बांधू.

सह्या सात ऑक्टोबरला. त्या झाल्या की माझा कायमचा हुकूम निघेल असं साहेबांनी तोंडी सांगितलंय. साहेब नागपूरचे आहेत, एकटे असलो की मराठीत बोलतात. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ऑक्टोबर.

तुझा
अविनाश

*

उधना
११ जुलै १९९४

चि. अविनाश यास आशीर्वाद.

तीर्थरूप आईवडिलांना लिहितात. आत्या तीर्थस्वरूप. हे तुला पाचवीत शिकवलं होतं आणि वहीत पाच वेळा लिहून घेतलं होतं.

जे लिहायची परवानगी नाही ते लिहायचं नाही. तुझं पत्र मी कपाटात कुलूप लावून ठेवलंय. आता लिहिलंच आहेस, तर एक विचारते. कापडाला पाया कसला? पाया घराला असतो, डोंगराला पायथा असतो. मी बत्तीस वर्षं मराठी शिकवली, पण कापडाचा पाया कुठे वाचला नाही. तुझं रशियन मला येत नाही, पण वाक्याला अर्थ आहे की नाही ते कळतं. या वाक्याला नाही.

म्हणून सुकदेवला विचारलं. घाबरू नकोस, विमानाचं अक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, कापडाचा पाया म्हणजे काय रे. तो आधी हसला. मग म्हणाला, "बाई, कापडले पाया नही ऱ्हास. ताणा ऱ्हास नि वाणा ऱ्हास. तुम्हना भाचा कोनता म्हनस?"

ताणा म्हणजे उभे धागे, वाणा म्हणजे आडवा. सुरतेत राहून एवढं मलाही माहीत आहे. त्याचा प्रश्न सरळ आहे. यांतला तुझा पाया कोणता? रशियन माणसाला विचार आणि मला कळव.

सुधा

*

नवी दिल्ली
२४ जुलै १९९४

ती. स्व. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून हसावं की रागवावं कळेना. आत्या, ही दोन सरकारांची बोलणी आहेत. टेबलाच्या आपल्या बाजूलाच अकरा माणसं असतात, त्यांत तीन अभियंते, एक हवाई दलाचे. त्यांच्यातल्या कुणाला 'पाया' अडला नाही. तो सुकदेवला अडला म्हणून मी उठून रशियन शिष्टमंडळाला विचारू की बाबांनो, उभा की आडवा?

शब्द आहे 'ओस्नोवा'. पुण्यात पहिल्या वर्षी, तिसऱ्या धड्यात शिकलो. ओस्नोवा म्हणजे पाया, मूळ, आधार. तरी तुझ्यासाठी कोश उघडला. पहिलाच अर्थ तो, दुसरा तो, तिसराही तोच. पुढचं वाचायची गरज नव्हती.

तुझी एक सवय मला ठाऊक आहे. वर्गात मुलानं बरोबर उत्तर दिलं तरी तू एकदा 'नक्की?' विचारायचीस आणि मुलगा गडबडून चुकीचं उत्तर द्यायचा. मी आता वर्गात नाही. चार महिन्यांनी एक वाक्य दोन्ही बाजूंना मान्य झालंय, त्यातली वीट मी काढणार नाही.

इथे बरं आहे. साहेबांनी माझी जुनी प्रमाणपत्रं मागवली आहेत, म्हणजे फाइल हलली.

अविनाश

*

उधना
८ ऑगस्ट १९९४

चि. अविनाश यास आशीर्वाद.

कोशात पहिले तीन अर्थ वाचून थांबणारा विद्यार्थी मी नापास केला असता.

तुझा शब्द सुकदेवला विचारला. तो ज्या खात्यात आहे तिथे एक रशियन मशीन आहे, बंद पडलेल्या मिलच्या लिलावातून आणलेलं. अकरा वर्षं तो त्यावर काम करतोय. म्हटलं, ओस्नोवा ऐकलंस कधी? तो म्हणाला, असा शब्द त्या मशीनवर कुणी कधी बोललं नाही. मग ओचोबाचं पुराण लावलं. मशीनला एक देव आहे म्हणे, ओचोबा. खंडोबा, म्हसोबा तसा. तो कोपला की लाल दिवा लागतो आणि मशीन थांबतं. दसऱ्याला त्याच्या नावानं नारळ फोडतात. हा माणूस माझ्या हाताखाली सात वर्षं शिकला आणि शेवटी लोखंडाला शेंदूर. मी त्याला मधेच गप्प केलं. मी धाग्याबद्दल विचारते आहे, देवाबद्दल नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. तसाच उठून गेला.

तेव्हा त्या बाजूनं मदत नाही. तू मोठा कोश बघ. तंत्राचे वेगळे कोश असतात. दिल्लीत मिळतील.

गणपतीला येणार नाहीस हे गृहीत धरते.

सुधा

*

उधना
२३ सप्टेंबर १९९४
(रजिस्टर)

चि. अविनाश,

तू ऑगस्टच्या पत्राचं उत्तर दिलं नाहीस. आता वेळ नाही, म्हणून थोडक्यात.

इथे प्लेग आहे. वर्तमानपत्रातून कळलंच असेल. काल दिवसभर नवागाम, डिंडोलीची माणसं स्टेशनात होती. नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावरही माणसं. मी जाणार नाही. शाळा बंद आहे, पण किल्ल्या माझ्याकडे आहेत. तोंडाला फडकं बांधते, कॅप्सूल घेते. काळजी करून पानं भरू नकोस.

सुकदेव काल बायकोला, कलाबाईला, आणि सासूला घेऊन गावी निघाला. एवढ्या गर्दीत वाट वाकडी करून माझ्या दारात आला. हातात दोन कागद. म्हणाला, "बाई, रागे भरू नका. हाई तुम्हना भाचाले धाडा." रशियन मशीनवर दोन दिवे आहेत. ताणा तुटला की एक लागतो, वाणा तुटला की दुसरा. दोन्हींखाली पत्र्यावर अक्षरं उठवलेली आहेत. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तसे त्यानं ते छाप घेतलेत. एकावर सहा अक्षरं, एकावर चार. मला ती इंग्रजी वाटतात पण इंग्रजीत असा शब्द नाही. ताण्याच्या दिव्याखालचा छाप मोठा आहे, वाण्याचा लहान. मागे मी तसं लिहून ठेवलंय.

सही व्हायच्या आत बघ.

सुधा

*

नवी दिल्ली
२९ सप्टेंबर १९९४

ती. स्व. आत्यास सा. न.

तार केली, पोचली का कळत नाही. तू तिथून नीघ. हट्टाची ही वेळ नाही. फोन कर, साहेबांच्या टेबलावरचा नंबर चालेल. उधन्याचे एसटीडी बूथ बंद आहेत असं इथला एक जण म्हणाला.

इथे माझ्या शेजारचा टंकलेखक खुर्ची सरकवून बसतो, कारण मी सुरतेचा. मी सुरतेला सहा महिन्यांत गेलेलो नाही, पण ऐकतो कोण. कार्यालयाच्या आवक टेबलापाशी आता लोखंडी पेटी ठेवली आहे. सुरतेहून आलेलं टपाल त्यात जातं, वरून पावडर मारतात, आणि 'परिस्थिती निवळेपर्यंत' कुलूप. तुझं काही त्यात पडलं असेल तर मला मिळालेलं नाही. घरच्या पत्त्यावर का लिहीत नाहीस? मीच कार्यालयाचा पत्ता दिला होता, कारण घरमालक पत्रं उघडतो. कुणाला दोष देऊ?

रशियन मंडळी उद्या येतायत. तेही विचारतायत, सुरत दिल्लीपासून किती लांब. सह्या ठरल्या दिवशीच होतील.

ऑगस्टच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मी चिडलो होतो. देवाचं नाव वाचलं आणि कागद घडी करून ठेवून दिला.

नीट राहा.

अविनाश

*

नवी दिल्ली
२२ ऑक्टोबर १९९४

ती. स्व. आत्यास सा. न.

पेटी काल उघडली. तुझं पाकीट पावडरीनं पांढरं झालं होतं.

सात तारखेला सह्या झाल्या. सतरा तारखेला माझा हुकूम निघाला. कायम. महिनाअखेर रुजू व्हायचं. हे तुला तारेनं कळवणार होतो. मग म्हटलं, दिवाळीत स्वतः येऊन सांगावं.

आता छापांबद्दल. पहिला कागद उलगडला आणि खुर्चीत बसून राहिलो. आत्या, ती अक्षरं इंग्रजी नाहीत. इंग्रजी म्हणून वाचली तर होतात ओ, सी, एच, ओ, बी, ए. ओचोबा. पण रशियनमध्ये त्या 'सी'चा उच्चार स, 'एच'चा न, 'बी'चा व. ओस्नोवा.

सुकदेव अकरा वर्षं त्या शब्दासमोर उभा होता. त्याला अर्थ माहीत होता, उच्चार नव्हता. मला उच्चार माहीत होता.

मोठा कोश आज बघितला. ओस्नोवा, सातवा अर्थ, विणकामातला उभा धागा. दुसऱ्या छापावर आहे 'उतोक'. वाणा. मी कराराची अठ्ठावीस पानं पुन्हा वाचली, उतोक एकदाही नाही. त्यांनी ताणा तयार करण्याची विद्या विकली आणि तसं स्वच्छ लिहिलं. त्यांच्या भाषेत करार खरा आहे. आपल्या भाषेत मी तो खोटा केला. छत्रीचं कापड विणण्यातलं अर्धंच काम आपण विकत घेतलंय आणि अकरा जणांना वाटतंय की पूर्ण घेतलं.

कुणाला कळलेलं नाही. यंत्रं यायला वर्ष लागेल, कळायला आणखी एक. तोवर आपले अभियंते वाण्याचं काहीतरी जमवतीलही. मी उद्या जाऊन सांगितलं तर हुकूम परत घेतील, आणि करार बदलेल असंही नाही. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी विचारतो.

अविनाश

*

उधना
२८ ऑक्टोबर १९९४

चि. अविनाश,

माहीत आहे तर विचारतोस कशाला?

तू कायम व्हावंस हे मला हवं होतं. तुझ्याहून जास्त हवं होतं. पत्र वाचल्यावर दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण मला वेगळं काही लिहावंसं वाटत होतं.

सुकदेव परवा गावाहून परतला. त्याला तुझ्या कराराचं सांगितलं नाही, मशीनचं विचारलं. ताण्याचा एक धागा तुटला आणि मशीन थांबवलं नाही तर? तो म्हणाला, कापड निघत राहतं. वरून चांगलं दिसतं. चीर लांबत जाते आणि घडी उलगडणाऱ्याला सापडते. म्हणून दिवा लागला की थांबायचं, मागे जायचं, टोक शोधायचं, गाठ मारायची. दिव्याची तार काढून मशीन चालवणारेही असतात, त्यांना तो मास्टर म्हणत नाही.

विमान कुणीतरी चालवत असतं. त्या छत्रीवर त्याचा भरवसा असतो.

रुजू होण्याआधी सांग, नंतर नको. तोंडी नको, लेखी दे. आणि दिवाळीला ये.

सुधा

*

नवी दिल्ली
५ डिसेंबर १९९४

ती. स्व. आत्यास सा. न.

दिवाळीला आलो नाही. तोंड दाखवण्यासारखं आधी काहीतरी करायचं होतं.

एकतीस ऑक्टोबरला साहेबांच्या हातात दीड पानाची टिपणी दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. मराठीत म्हणाले, हे तुला कुठून कळलं. मी सांगितलं, सुरतेहून. सुकदेव नावाच्या मास्टरकडून.

"कोणत्या खात्यात आहे?"

"सचिनच्या खात्यात."

"हा सचिन कोण? सेक्रेटरी?"

मी समजावलं. सचिन ही औद्योगिक वसाहत, खातं म्हणजे लूमची शेड, मास्टर म्हणजे मशीन दुरुस्त करणारा. जसजसं समजावत गेलो तसतसा त्यांचा चेहरा बंद होत गेला. खातं म्हणजे मंत्रालयातलं खातं असतं तर माझी टिपणी त्याच दिवशी वर गेली असती. शेवटी म्हणाले, "अविनाश, अकरा लोकांनी सही केली. आता मी वर जाऊन सांगू की आम्हाला उभं-आडवं कळत नाही?"

टिपणी त्यांनी ठेवून घेतली. आठ दिवसांनी परत आली, कोपऱ्यात एक शब्द, 'चर्चा करा'. कुणाशी ते लिहिलेलं नाही. मी पुन्हा पाठवली. परत आली, 'बघितलं'. तिसऱ्यांदा पाठवताना छापांच्या प्रती जोडल्या. हवाई दलाच्या साहेबांनी मात्र बोलावलं. ते शांत माणूस. छाप उजेडात धरून बघितला आणि विचारलं, हा माणूस अजून त्या मशीनवर आहे का. मी हो म्हटलं. त्यांनी छाप स्वतःच्या फाइलीत ठेवला.

माझा हुकूम 'स्थगित' आहे. रद्द नाही, स्थगित. म्हणजे मी कायमही नाही आणि कायम नाही असंही नाही. कंत्राट मार्चपर्यंत.

तुला बरं वाटेल म्हणून हे लिहीत नाही. मला स्वतःलाही बरं वाटलेलं नाही. सांगितल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात, तसं काही होत नाही.

अविनाश

*

उधना
१२ डिसेंबर १९९४

चि. अविनाश,

बरं वाटावं म्हणून सांगायला लावलं नव्हतं.

चौथ्यांदा पाठव. 'बघितलं' हे उत्तर नव्हे. माझ्या शिक्षण खात्याला मी शाळेच्या छपराच्या पत्र्यांसाठी सतरा पत्रं लिहिली आहेत. अठरावं पत्र मिळण्यापेक्षा पत्रे देणं सोपं, असं त्यांना शेवटी वाटलं.

स्वेटर पाठवते आहे. उधन्याच्या पोस्टातून गेला तरी आता पेटीत पडणार नाही, अशी आशा.

सुधा

*

नवी दिल्ली
१९ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

पाचव्या बैठकीला मला टेबलावर बसवणार नव्हते. नवा दुभाषा आणला होता, पण हवाई दलाच्या साहेबांनी मला मागे खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, यंत्रांच्या यादीवर बोलणं चालू असताना, ते मागे वळले आणि म्हणाले, विचार.

मी उभा राहिलो. रशियनमध्ये दोनच शब्द विचारले, आणि उतोक?

पलीकडे एक वयस्क बाई होत्या, विणकामाच्या अभियंता, चार बैठका एक शब्द न बोललेल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही वर्षभर वाट बघत होतो, तुम्ही हे का विचारत नाही. मग आम्हाला वाटलं, वाणा तुमच्याकडे असेल. तुम्ही विणणारे लोक."

नवा दुभाषा हे इंग्रजीत करताना जरा अडखळला. मी त्याला मदत केली नाही. साहेब कागद जुळवत राहिले.

वाण्याची विद्या ते देतील. वेगळा मसुदा, वेगळी बोलणी, निदान दोन वर्षं. म्हणजे सगळं पहिल्यापासून. करारातलं चौथं कलम मात्र दुरुस्त झालं. 'बेस' खोडून ताण्यासाठीचा इंग्रजी शब्द लिहिला आणि समासात दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. एक शब्द खोडायला साडेचार महिने.

माझा कायमचा हुकूम वगैरे सगळं संपलं. मार्चनंतर कंत्राट वाढणार नाही. साहेब वाईट माणूस नाहीत, त्यांनी स्वतः सांगितलं. म्हणाले, तू बरोबर होतास, पण तू इथे दिसलास की प्रत्येकाला ते आठवेल.

पक्की जमीन नाही मिळाली, आत्या. तुला ती माझ्यासाठी हवी होती, म्हणून मला वाईट वाटतं.

सुकदेवला सांग. सगळं सांग, विमानासकट. माझी परवानगी आहे. आता ती कुणाची लागत असेल तर.

आणि वर मायन्यात 'तीर्थरूप' लिहिलंय. चूक नाही. तपासून लिहिलंय.

अविनाश

*

उधना
१ मार्च १९९५

चि. अविनाश यास अनेक आशीर्वाद.

सुकदेवला घरी बोलावून सांगितलं. कलाबाईही आली होती. विमानाच्या छत्रीचं ऐकून तिनं डोक्यावर पदर घेतला. सुकदेवनं सगळं ऐकून चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "तिले वाटनं, वाणा आम्हनाकडे शे?" मी म्हटलं, हो, तिला तसं वाटलं. त्याला ते फार आवडलं. जाताना कलाबाईला पुन्हा तेच सांगत होता.

आता माझ्या वाटणीचं. लिहायला मला चार महिने लागले.

आठ ऑगस्टला सुकदेव मला जे सांगत होता ते पुराण नव्हतं. दिवा कुठला, कधी लागतो, काय तुटतं, सगळं सांगत होता. मी देवाचं नाव ऐकलं आणि कान बंद केले. अक्षरं त्यानं वाचली ती मी पाचवीत शिकवली तशी. ओ म्हणजे ओ, सी-एच म्हणजे च. त्यानं बरोबर वाचलं. त्या दिवशी त्याला पुरतं बोलू दिलं असतं तर छाप ऑगस्टमध्ये तुझ्या हातात असता, सहीच्या दोन महिने आधी. पेटी नाही, पावडर नाही, तुझा हुकूमही वाचला असता. तू कोशात तीन अर्थांवर थांबलास. मी एका शब्दावर थांबले. तुला नापास करायला निघाले होते, तेव्हा हेही लिहून ठेवते. सुकदेवला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, जाऊ द्या बाई. मी म्हटलं, जाऊ देणार नाही.

सचिनला त्याच्या मालकाकडे त्याच जातीची आणखी तीन मशीनं आहेत. त्यांची रशियन पुस्तकं अकरा वर्षं गोणपाटात बांधून ठेवली आहेत, वाचणारा कुणी नाही म्हणून. सुकदेवनं मालकाला तुझं नाव सांगितलं. मालक म्हणाला, येऊ दे. काम लहान आहे आणि कायम नाही. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तू ये आणि ठरव. येताना मोठा कोश आण, सातवा अर्थ असलेला.

मागची खोली झाडून ठेवली आहे.

तुझ्या पत्राचा मायना दोनदा वाचला. दुरुस्त केलेला नाही.

सुधा